डार्क रोमान्स वाचणारं कुणी आहे का इथे? (हाँटिंग अ‍ॅडलिनचे स्पॉयलर आहेत)

रातकिडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे रहस्यकथांवर धागे आहेत, भयकथांवर आहेत, शिवकालीन कादंबऱ्यांवर तर हाणामाऱ्या होईपर्यंत धागे आहेत, पण रोमान्स म्हटलं की सगळे एकदम सोवळ्यात जातात आणि डार्क रोमान्स म्हटलं तर बघायलाच नको. म्हणून मीच काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिरो म्हणजे पाठलाग करणारा, किडनॅपर, माफियावाला, कधी चक्क खुनी. हिरॉइनची मर्जी बराच काळ धाब्यावर बसवलेली, हिंसा भरपूर, सेक्स भरपूर, आणि एवढं होऊन शेवटी दोघं सुखानं नांदतात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं कारण ते नसेल तर तो थ्रिलर झाला, रोमान्स नाही. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं त्यामुळे तिकडचं बुकटॉक (टिकटॉकवरचे पुस्तकांचे व्हिडिओ) आपल्यापर्यंत इन्स्टाच्या रील्समधून आलं, आणि त्या रील्समध्ये दर तिसऱ्या मुलीच्या हातात जे काळं पुस्तक दिसायचं ते एच. डी. कार्लटनचं हाँटिंग अ‍ॅडलिन. २०२१ चं, लेखिकेनं आधी स्वतःच छापलेलं. मी ते किंडलवर वाचलं आणि आता डोकं फिरलंय पण लोकांचं फिरतं त्या कारणानं नाही, म्हणून लिहितेय.

गोष्ट अशी की अ‍ॅडी ही लेखिका सिअ‍ॅटलजवळच्या आजीच्या जुन्या वाड्यात राहायला येते, तिथे तिला पणजीच्या डायऱ्या सापडतात आणि त्यात कळतं की पणजीच्याही मागे एक माणूस होता, खिडकीबाहेर उभा राहून बघणारा, आणि पणजीला तो हळूहळू आवडायला लागला होता. पणजीचा पुढे खून झालेला. इकडे अ‍ॅडीच्या घरात बंद दारातून कुणीतरी येऊन गुलाब ठेवून जायला लागतं. आता खरं सांगते, हा भाग मला प्रचंड आवडला. जुना वाडा, डायरी, बाईला भीती वाटतेय आणि भीतीतच काहीतरी दुसरंही वाटतंय आणि त्या दुसऱ्याची तिला लाज वाटतेय, हे इतकं नीट जमलंय की मी रात्री उठून दाराची कडी बघून आले.

आणि मग झेड सुरू होतो. झेड म्हणजे तो पाठलाग करणारा, एक आड एक प्रकरण त्याच्या तोंडून आहे. तर हा झेड नुसता पाठलाग करणारा नाही, तो हॅकर आहे, त्याची स्वतःची संघटना आहे आणि तो मानवी तस्करी करणाऱ्यांना शोधून शोधून मारतो, लहान मुलांना सोडवतो, आणि समोरचे व्हिलन कसे तर गुप्त पंथ बनवून मुलांचे बळी देणारे. म्हणजे लेखिका माझ्या कानाशी लागून सारखं सांगतेय की अगं बघ, हा तसा चांगला आहे गं, ते दुसरे बघ किती वाईट. बायकांवर त्यांच्या मर्जीविरुद्ध हात टाकतात म्हणून जो माणसांची हाडं मोडतो तोच माणूस अ‍ॅडीच्या घरात घुसून तिच्या 'नाही'ला काही किंमत देत नाही, आणि पुस्तक या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिट्टी वाजवत पुढे निघून जातं!!

माझा मुद्दा एवढाच आहे. हिरो वाईट असण्याला माझी हरकत नाही, तेच वाचायला आलेय ना मी. लेखिकेनं त्याची वकिली करू नये. डार्क म्हणायचं आणि मग पानोपानी त्याला चुना फासून पांढराशुभ्र करायचा याला काय अर्थ आहे.

तर कुणाला असं वाटतं का, आणि जिथे वकिली नाही अशी पुस्तकं माहीत असतील तर सुचवा. 'असलं वाचतेसच कशाला' हा सल्ला घरी मिळतो, इथे नको.

कोकणकडा_२

रुमाल टाकून ठेवतो.

टवाळखोर

मी बायकोच्या किंडलवर यातलं एक माफियावालं वाचलंय (चोरून नाही, तिनेच दिलं, म्हणाली शीक काहीतरी). माझी शंका वेगळीच. हा माणूस म्हणे अख्ख्या शहराचा धंदा चालवतो, बंदरं याची, कॅसिनो याचे, पोलीस याच्या खिशात. आणि सकाळी दहा वाजता हा कुठे असतो तर हिरॉइनच्या कॉलेजसमोर गाडीत. दुपारी दोनला लायब्ररीत कपाटाआड. रात्री तिच्या बेडरूममध्ये खुर्चीत बसून ती झोपलेली बघतोय. मग धंदा कोण बघतं? वसुलीला कोण जातं? आमच्याकडे एक किराणा दुकान आहे तर वडील लग्नाला जायचं म्हटलं तरी गल्ला कुणाकडे द्यायचा यावर घरात मीटिंग होते.

रातकिडा

@टवाळखोर 😂😂 धाकटा भाऊ असतो ना, तो बघतो धंदा. मग पुढचं पुस्तक त्याचं.

माजघर

चांगला धागा. मी ऐंशीच्या दशकात दादरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून मिल्स अँड बून पिशव्या भरभरून आणणाऱ्या पिढीतली, वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचो, त्यामुळे मला यातलं काहीच नवीन वाटत नाही, फक्त आता कव्हर घालावं लागत नाही.

रातकिडा, तुझा वकिलीचा मुद्दा एकदम पटला, पण ही वकिली झेडपासून सुरू झालेली नाही गं. ती आहे तीनशे वर्षं जुनी आणि प्रत्येक काळाचा वकील वेगळा असतो एवढंच. रिचर्डसनची पामेला ही कादंबरी घे, १७४० ची. मोलकरणीच्या मागे लागलेला मालक, तिला फसवून दूरच्या वाड्यात नेऊन कोंडून ठेवतो, जबरदस्तीचा प्रयत्न करतो, आणि शेवटी? लग्न. तिच्या सद्गुणांनी तो सुधारला म्हणे. म्हणजे तिथे वकील कोण तर तिचंच शील. मग १९१९ मध्ये ई. एम. हल नावाच्या इंग्रज बाईनं द शेख लिहिली, अल्जीरियाच्या वाळवंटात शेख इंग्रज मुलीला पळवून नेतो, बलात्कार करतो, ती त्याच्या प्रेमात पडते. तुफान खपली, १९२१ मध्ये मूकपटांचा स्टार व्हॅलेंटिनोला घेऊन सिनेमा आला. आणि शेवटी उलगडा काय तर तो शेख मुळात अरब नाहीच, बाप इंग्रज उमराव आणि आई स्पॅनिश! झालं, वाचकांचा जीव भांड्यात पडला, आपलाच आहे म्हणून. इथे वकील म्हणजे रक्त. किती हिडीस आहे हे, पण त्या काळात चाललं.

१९७२ मध्ये अमेरिकेत कॅथलीन वुडीविसची द फ्लेम अँड द फ्लॉवर आली, तिच्यापासून जाडजूड ऐतिहासिक रोमान्सची लाटच सुरू झाली. त्यात जहाजाचा कप्तान सुरुवातीलाच हिरॉइनवर जबरदस्ती करतो, का तर म्हणे त्याला ती वेश्या वाटली. गैरसमज! म्हणजे वेश्या असती तर चाललं असतं हे तिथे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि सगळ्यात गंमत रिबेकाची. डाफ्नी द मोरियेच्या कादंबरीत (१९३८) नवऱ्यानं पहिल्या बायकोला गोळी घातलेली आहे, सरळ खून, आणि दुसरी बायको ते ऐकून काय विचार करते तर अरे वा म्हणजे याचं तिच्यावर प्रेम नव्हतं. काय जबरदस्त जागा आहे ती, वाचणारीच्या पोटात गोळा येतो कारण आपल्यालाही नेमकं तेच वाटून गेलेलं असतं. १९४० मध्ये हिचकॉकनं सिनेमा केला तेव्हा हॉलिवूडच्या सेन्सॉरच्या नियमात बायकोला मारणारा हिरो मोकळा सुटणं बसत नव्हतं, म्हणून तिथे ती पडते आणि डोक्याला लागून मरते. अपघात. घ्या, वकील हजर.

वकिली नसलेलं हवं असेल तर परत मागे जा, वदरिंग हाइट्स. १८४७. लोक त्यातल्या हीथक्लिफला ग्रेट प्रेमी म्हणून मिरवतात पण एमिली ब्राँटेनं त्याला एका ओळीचीही सूट दिलेली नाही. त्यात इझाबेला आहे ना, एडगरची बहीण, ती म्हणजे आजच्या डार्क रोमान्सची वाचक आहे बघ. तिला वाटतं हा वरून रांगडा आहे पण आत काहीतरी खोल असणार, आणि त्याच्याबरोबर पळून जाते. तो निघताना तिचं कुत्रं फासाला टांगतो आणि ती तरी जाते. आणि पुढे चौदाव्या प्रकरणात हीथक्लिफ स्वतःच तिच्यासमोर नेलीला (घरची कामवाली, गोष्ट सांगणारी) सांगतो की या बाईनं मला कादंबरीतला नायक समजून घर सोडलं, मी तिला कधी खोटं गोड बोललो नाही, तिच्या डोळ्यांदेखत कुत्रं टांगलं तरी तिला उजाडलं नाही. म्हणजे एमिलीबाईंनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी तुझा धागा लिहून ठेवलाय.

रातकिडा

@माजघर, बाई, साष्टांग. शेखचं ते रक्ताचं प्रकरण माहीतच नव्हतं. आणि इझाबेला!! मी कॉलेजात ते पुस्तक वाचलंय आणि मला ती फक्त मूर्ख पोरगी वाटली होती, आता परत काढते.

अस्मि_का

मी थोडं उलट बोलते. वकिली वाईट हे मान्य पण ती लेखिकेला समजत नाही म्हणून होते असं नाही, ती वाचकाला हवी असते म्हणून होते. आम्हाला एमएला जॅनिस रॅडवे ही अभ्यासक होती, १९८४ चं पुस्तक, तिने अमेरिकेतल्या एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बसून बोलून लिहिलंय. त्यात दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक म्हणजे त्या बायका म्हणायच्या की वाचायला बसणं हेच मुळात महत्त्वाचं, तेवढा वेळ घरात माझ्याकडून कुणी काही मागत नाही. (हे मला लग्नानंतर कळलं.) आणि दुसरं म्हणजे रॅडवेचं म्हणणं असं की रोमान्स वाचकाला एक सवय लावतो, पुरुषाच्या तुसडेपणाचा, रागाचा अर्थ मागे जाऊन परत लावायची, की अच्छा हे सगळं प्रेमामुळेच होतं तर. डार्क रोमान्समध्ये तेच आहे, फक्त तुसडेपणाच्या जागी सुरी आली.

आणि म्हणूनच त्या झेडच्या तोंडची प्रकरणं. आजकाल नव्वद टक्के डार्क रोमान्स दोघांच्या तोंडून आळीपाळीने का लिहितात माहितीये? हिरॉइनला माहीत नसतं की हा आपल्याला मारणार की काय, पण वाचकाला पक्कं माहीत असतं की हा हिच्यासाठी वेडा झालाय आणि हिला सोडून सगळ्यांना मारेल. म्हणजे भीती तिची, खात्री आपली. जत्रेतल्या आकाशपाळण्याला दांडी असते तशी ती दांडी आहे. ती काढलीस तर बऱ्याच जणी पाळण्यात बसणारच नाहीत. तुला जो भाग आवडला, एकटी अ‍ॅडी आणि डायरी, तो खरं तर गॉथिक कादंबरीचा भाग आहे, तिथे पुरुषाच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. रिबेकात तेच, जेन एअरमध्येही तेच. तुला गॉथिक आवडतं आणि तू डार्क रोमान्सच्या दुकानात जाऊन भांडतेयस असं माझं मत 🙂

अवांतर, एक धंद्याचीही बाजू आहे. किंडल अनलिमिटेडमध्ये (अ‍ॅमेझॉनची वर्गणी भरून वाचायची योजना) २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, पुस्तक डाउनलोड झालं यावर नाही. मग पान उलटत राहिलं पाहिजे, पुस्तक सहाशे पानांचं झालं पाहिजे आणि पहिला भाग अशा ठिकाणी तुटला पाहिजे की दुसरा उघडल्याशिवाय झोप येणार नाही. हाँटिंग अ‍ॅडलिन संपतं कसं आठव. अ‍ॅडीला पळवून नेतात आणि पुस्तक खलास, पुढचं हंटिंग अ‍ॅडलिनमध्ये. ते तस्करीचं कथानक नसतं तर पळवून नेलं कुणी असतं? त्यामुळे झेडची समाजसेवा ही निम्मी वकिली आणि निम्मा दुसऱ्या भागाचा पाया आहे.

रातकिडा

@अस्मि_का, दांडीचं पटलं. पण मग एक सांग, दांडी इतकी जाड कशाला? तो फक्त तिच्यासाठी वेडा आहे एवढं कळलं की माझी खात्री झाली की, वर आणि मुलं वाचवणारा देवदूत कशाला हवा. मला तर उलट त्या तस्करीच्या प्रकरणांनी जास्त त्रास झाला. खरोखर जे लोकांच्या बाबतीत घडतं ते हिरोचा सीव्ही भरायला वापरलंय असं वाटलं. गुप्त पंथ आणि बळी वगैरे तर व्हॉट्सअ‍ॅपवर काका लोक फॉरवर्ड करतात त्यातलं. आणि हो गॉथिक आवडतं हे खरंच असेल, बघते.

सुलभा_का

मी सहसा वाचनमात्र असते पण लिहिते. माझं वय साठीकडे. मुलीनं आग्रह केला म्हणून यातलं एक पुस्तक अर्धं वाचलं, हेच का दुसरं आठवत नाही, पण पाठलागवालंच होतं. मला जमलं नाही, आणि सोवळेपणामुळे नाही.

१९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या हॉलमध्ये घुसून एका मुलीला जाळून मारलं होतं. का तर एकतर्फी प्रेम. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, कल्याणहून गाडी पकडायचे. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात, शेजारी, लेडीज डब्यात दुसरा विषय नव्हता. आणि आमच्या डब्यातल्या जवळजवळ प्रत्येकीकडे एक कुणीतरी होता, स्टेशनपासून घरापर्यंत मागे येणारा, चिठ्ठ्या टाकणारा, घराखाली उभा राहणारा. घरी सांगायची सोय नाही कारण सांगितलं की नोकरी बंद. पोलिसात जावं तर नुसतं मागे येणं हा गुन्हाच नव्हता, पाठलागाचं स्वतंत्र कलम यायला २०१३ उजाडलं, दंड विधानाचं ३५४ ड, आता नव्या न्याय संहितेत ७८. तर खिडकीबाहेर सिगारेट ओढत उभा असलेला माणूस वाचताना मला गुलाब दिसत नाही, मला तो जिन्याखालचा माणूस दिसतो.

तुम्ही वाचू नका असं मी म्हणत नाही. पण तुम्ही म्हणता वकिली नको, मग मला सांगा वकिली काढून टाकल्यावर त्या माणसात राहतं काय? गुन्हेगारच ना? मग त्याच्याशी लग्न कशासाठी?

रातकिडा

@सुलभाताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही पण जमेल तसं सांगते. मला वाटतं मी ते वाचते कारण माझ्याही मागे कुणी ना कुणी होतं, सगळ्यांच्याच असतं, आणि खऱ्या आयुष्यात त्या माणसाच्या डोक्यात काय आहे ते आपल्याला कधीच कळत नाही, रस्ता बदलणं सोडून आपल्या हातात काही नसतं. पुस्तकात ते सगळं माझ्या हातात येतं. मी उघडलं की तो येणार, मी किंडल बंद केलं की तो गेला. आणि लेखिका बाई, वाचणाऱ्या बहुतेक बाया, म्हणजे तो माणूस आहे ना तो माणूस नाहीच, तो आमच्यातल्याच कुणीतरी बनवलेला बाहुला आहे. म्हणूनच वकिली खटकते मला. बाहुला आहे हे माहीत असताना त्याला खरा चांगला माणूस म्हणून सर्टिफिकेट द्यायला लागलात की तो माझ्या खेळातून उठून परत जिन्याखाली जाऊन उभा राहतो.

लग्न कशासाठी म्हणाल तर हो, तिथे मीही अडखळते. बऱ्याच पुस्तकांचं शेवटचं प्रकरण मी वाचतच नाही. बाळ, बागेतला झोपाळा, आणि हा बाहेर जाऊन कुणाला तरी मारून येतो. नको ते.

सुलभा_का

बाहुल्याचं समजलं. मला त्यात मजा येणार नाही पण तुम्हाला का येते ते समजलं. मुलीलाही विचारीन.

टवाळखोर

सुलभाताई, +१००. आणि यावरून आठवलं, आपल्या हिंदी सिनेमात डर आला १९९३ ला, तिथे पाठलाग करणारा शेवटी मरतो, मुलगी नवऱ्याकडेच राहते, म्हणजे कागदोपत्री सगळं व्यवस्थित. तरी थेटरात टाळ्या कुणाला होत्या? शाहरुखला. सनी पाजी अजून चिडलेले असतील. म्हणजे लेखकानं वकिली केली नाही तरी पब्लिक करतं.

अस्मि_का

@टवाळखोर, हा मुद्दा आहे! फक्त फरक एवढा की तिथे टाळ्या वाजवणाऱ्यांत पोरं जास्त होती आणि ती नंतर कॉलेजात तोतरं बोलत पोरींच्या मागे फिरायची. डार्क रोमान्स वाचून कुणी पोरगा घराबाहेर गुलाब ठेवायला लागलाय असं मी तरी ऐकलं नाही, पोरं वाचतच नाहीत.

तगमग

मी एका मराठी कथांच्या अ‍ॅपवर लिहिते, नाव सांगत नाही, ओळखाल. तुम्ही सगळे इंग्रजीबद्दल बोलताय म्हणून सांगते की मराठीत हे कधीच सुरू झालंय, त्याला डार्क रोमान्स म्हणत नाहीत इतकंच. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी जाऊन बघा, जबरदस्तीचं लग्न, काँट्रॅक्ट मॅरेज, अ‍ॅरोगंट बॉस, हिरोचं नाव रुद्र नाहीतर अगस्त्य, तिला हाताला धरून ओढत मंडपात आणतो, बदला म्हणून लग्न करतो, पहिल्या रात्री थोबाडीत मारतो, आणि ऐंशीव्या भागात तिला ताप आला की रात्रभर उशाशी बसतो. खाली कमेंट काय तर 'पुढचा भाग लवकर टाका ताई'. मी स्वतः असलं लिहिलंय आणि माझ्या बाकीच्या कथांपेक्षा तेच जास्त वाचलं जातं.

मला फरक दिसतो तो असा. इंग्रजीत पहिल्या पानावर भली मोठी यादी असते, यात अमुक आहे तमुक आहे, झेपत नसेल तर वाचू नका, हाँटिंग अ‍ॅडलिनमध्ये तर आहेच. म्हणजे लेखिका कबूल करतेय की हे जे पुढे येतंय ते भयंकर आहे. आपल्याकडे रुद्र तिला थोबाडीत मारतो त्याला आम्ही कौटुंबिक कथा म्हणून टाकतो. सेक्स नाही ना, मग झालं, सोज्वळ. मला विचाराल तर झेडपेक्षा रुद्र जास्त धोकादायक आहे कारण रुद्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो आणि सासूबाई त्याच्या बाजूच्या असतात.

मी एकदा भागाच्या वर सूचना टाकून बघितली की या भागात मारहाण आहे. वाचक घाबरले, मेसेज आले की ताई तुम्ही असं काय लिहायला लागलात. आधीच्या भागांत तेच होतं, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं.

रातकिडा

@तगमग, हे वेगळा धागा काढण्याइतकं आहे. 'सासूबाई त्याच्या बाजूच्या असतात' याला फ्रेम करायला हवं.

कोकणकडा_२

वाचतोय. पण मराठीत उघड उघड असं कुणी छापील लिहिलं तर केस नाही का होणार?

माजघर

@कोकणकडा_२, झालेली आहे की. चंद्रकांत काकोडकरांची श्यामा, रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली. अश्लील म्हणून खटला भरला आणि तो चढत चढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९६९ मध्ये कोर्टानं सांगितलं की अश्लील नाही. म्हणजे एका दिवाळी अंकातल्या कथेपायी सात वर्षं. आणि आजच्या मापानं ती कथा म्हणजे अगदीच सौम्य, तगमगचा रुद्र तिच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. तेव्हा हरकत शरीरावर होती, मारहाणीवर नाही. आताही तेच आहे म्हणा.

आई_ऑन_ड्यूटी

जरा मधेच येते. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या वर्गात हे हाँटिंग अ‍ॅडलिन फिरतंय. फोर्टला फाउंटनच्या फुटपाथवरून कुणीतरी पायरेटेड कॉपी आणली, कव्हर छान काळं, कवटी, फुलं, मला वाटलं भुताचं असेल. मग मी मधलं पान उघडलं आणि गाडीत बसल्या जागी बंद केलं. तुमची चर्चा छान आहे, मोठ्या बायकांनी काय हवं ते वाचावं, पण चौदाव्या वर्षी? मी काय करू? हिसकावून घेतलं तर पीडीएफ आहेच.

अस्मि_का

@आई_ऑन_ड्यूटी, नाही, चौदाव्या वर्षी नाही, यात मला काही शंका नाही. हे पुस्तक प्रौढांसाठीच आहे, पहिल्या पानावरच्या त्या यादीचा अर्थच तो. प्रॉब्लेम हा की रीलवर आणि फुटपाथवर वय कुणी विचारत नाही आणि कव्हरं मुद्दाम अशी करतात की कव्हरवरून आत काय आहे ते कळू नये. सगळ्यात आधी कॉलीन हूवरच्या कादंबऱ्या, डार्क रोमान्स आणि साधी कॉलेजची लव्हस्टोरी हे सगळं पोरींच्या दृष्टीनं एकच, 'रीलवरचं पुस्तक', हे लक्षात घ्या. हिसकावण्यापेक्षा तिच्याशी त्या पुस्तकाबद्दल बोला. म्हणजे लेक्चर नाही, तिलाच विचारा की झेड तुला कसा वाटला. माझ्या भाचीला विचारलं होतं तर ती म्हणाली 'मावशी तो क्रिंज आहे, मी फक्त शेवट बघायला वाचलं'. पोरी आपल्याला वाटतात तितक्या इझाबेला नसतात.

आई_ऑन_ड्यूटी

विचारते. उत्तर 'मम्मी प्लीज' असंच येणार आहे पण विचारते.

माजघर

रातकिडा, तू पुस्तकं विचारली होतीस ते राहूनच गेलं सगळ्यांचं.

अस्मि_का

हो खरंच. माझ्याकडून तीन.

सी. जे. रॉबर्ट्सचं कॅप्टिव्ह इन द डार्क, २०११ चं. हे झेडच्या बरंच आधीचं आणि फार जड आहे, मूड बघून घे. केलेब मुलीला पळवतो ते तिला विकण्यासाठी, स्वतःच्या सुडासाठी, आणि पुस्तक त्याला चांगला म्हणत नाही. त्याला भूतकाळ आहे, वाईट भूतकाळ आहे, पण तो कारण म्हणून येतो, माफी म्हणून नाही. आणि खरी कमाल दुसऱ्या भागात, सिड्यूस्ड इन द डार्क. त्यात ती सुटून आलेली आहे, हॉस्पिटलमध्ये आहे आणि एफबीआयचा माणूस तिची जबानी घेतोय. ती म्हणते माझं त्याच्यावर प्रेम आहे, आणि समोरचे लोक तिला सांगतात की बाई याला प्रेम म्हणत नाहीत, ही कैदेतली मानसिक अवस्था आहे. म्हणजे आपल्या मनातली शंका पुस्तकानंच टेबलावर आणून ठेवली. उत्तर पटेल न पटेल, पण प्रश्न लपवला नाही. तुला नेमकं हेच हवंय असं वाटतं.

दुसरं एकदम हलकं, नव्हेसा अ‍ॅलनचं लाइट्स आउट, २०२४. मुखवटा घातलेला माणूस घरात शिरतो वगैरे आहेच, पण इथे हिरॉइन ट्रॉमा नर्स आहे आणि तिला मुखवट्यांचं वेड आहे, तीच त्या माणसाच्या व्हिडिओंखाली कमेंट करते. म्हणजे इच्छा तिची आधीपासून आहे. तरी तो कॅमेरे बसवतो ते बसवतोच. पण पुस्तकाला स्वतःवर हसता येतं, झेडसारखं सदा गंभीर तोंड नाही.

तिसरं ब्रिन वीव्हरचं बुचर अँड ब्लॅकबर्ड, २०२३. दोघंही सीरियल किलर, मैत्री होते, दरवर्षी शर्यत लावतात. इथे वकिलीला वावच नाही कारण हिरॉइनही तसलीच. जेवताना वाचू नकोस, हे सीरियसली सांगतेय.

टवाळखोर

दोघंही खुनी असतील तर मग निदान धंदा दोघांत वाटून घेता येतो. हे पटलं.

तगमग

लाइट्स आउट मी वाचलंय, त्यात मांजराला भाव आहे हिरोएवढा. मांजरवाल्यांनी घ्या.

रातकिडा

सगळ्यांना थँक्यू, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आधी कॅप्टिव्ह इन द डार्क घेते, विकेंडला. @अस्मि_का, हंटिंग अ‍ॅडलिन वाचू का सोडून देऊ? कुणीतरी म्हणालं की दुसरा भाग जवळजवळ सगळा तिच्या कैदेचा आणि नंतर सावरण्याचा आहे आणि झेड त्यात पहिल्याइतका मिरवत नाही.

अस्मि_का

ते खरं आहे, अ‍ॅडी त्यात जास्त चांगली लिहिलीये, पण तस्करीचा जो भाग तुला पहिल्यात खटकला तो दुसऱ्यात तिच्यावरच येतो आणि सविस्तर येतो. मला मधे पानं सोडावी लागली. कॅप्टिव्हनंतर लगेच नको घेऊस, मधे मांजरवालं घे.